न धुतलेली टाकी

बाबा, नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस, संपून आठ दिवस झाले, तरी शेडमध्ये पाय ठेवला की टिनाखालची हवा अजून तोंडावर येते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. शेड तेच आहे. मागच्या बाजूचं टिन दोनदा बदललं, समोरचा कडुनिंब तुम्ही पाहिला होता त्याच्या दुप्पट झाला. नव्या गाड्या मी घेत नाही. त्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो आणि ते मला जमत नाही. म्हणून जुन्याच घेते, तुमच्या वेळच्या, त्याहूनही जुन्या. बालाघाटहून, रायपूरहून लोक टोचन लावून आणतात. वायरिंग मी करते. तुम्ही मला ते शिकवलं होतं कारण माझी बोटं डॅशबोर्डच्या मागे जायची आणि तुमची जायची नाहीत. आता माझीही जेमतेमच जातात. पत्र्याचं काम आणि गॅसचं झाळकाम अजून काका करतात, तुमच्या हाताखाली शिकलेले, तुम्हाला उस्ताद म्हणणारे तेच. पासष्टी ओलांडली, गुडघे वाजतात, पण सकाळी आठला शटर उघडायला माझ्या आधी उभे असतात.

मला जे सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल आहे, आणि माझ्याबद्दल. पण त्याआधी अर्जुनी मोरगावच्या डॉक्टरांची गाडी आठवा. गोल बोनेटची, पिस्ता रंगाची, जिच्यातून ते खेडोपाडी पेशंट पाहायला जायचे. ती बिघडली की ते निरोप पाठवायचे आणि तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या गाडीनं अर्जुनीला जायचात. आठवीच्या उन्हाळ्यात तुम्ही मला सोबत नेलं होतं. डॉक्टरांच्या अंगणात गाडी उभी होती आणि टाकी झिरपत होती. तुम्ही टाकी उतरवली, पेट्रोल डब्यात काढलं आणि मला म्हणालात, विहिरीवर जाऊन धुऊन आण. मी एक बादली ओतली, खळबळवली, उपडी केली आणि परत आणली. तुम्ही टाकीच्या तोंडाला नाक लावलं. मग माझी मान धरून माझंही नाक तिथं लावलंत. दुखलं मला. डॉक्टरांच्या घरची माणसं ओट्यावर उभी होती, त्यांच्यासमोर.

"पेट्रोल गेलं, वास राहिला ना आतमधी," तुम्ही म्हणालात. "आग वासालेच लागते, बाई."

मग तीन वेळा मला विहिरीवर पाठवलंत. चौथ्या वेळी टाकी गळ्यापर्यंत पाण्यानं भरलीत, तोंडाला बूच मारून भोक वर येईल अशी विटांवर ठेवलीत आणि मगच झाळायची बत्ती पेटवलीत. येताना रेल्वेत मी तुमच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या मोरीत तुम्ही रॉकेल आणि तांदळाच्या कोंड्यानं हात घासत होता आणि आई विचारत होती, पोरगी काऊन फुगली आहे. तुम्ही म्हणालात, काही नाही, टाकी धुवाले शिकली. एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही आईला सगळं सांगाल आणि हसाल. तुम्ही हसला नाहीत.

तीच गाडी यंदा मे महिन्यात आली. डॉक्टर आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. डॉक्टरीणबाई गेल्या, घर विकायला काढलं, मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जाणार होता. गाडी रायपूरच्या एका माणसानं घ्यायची कबूल केली होती. डॉक्टरांची एकच इच्छा होती, जायच्या आधी एकदा स्वतः चालवायची. गाडी दहा वर्षं बंद होती. त्यांचं तिकीट ठरलेलं होतं आणि माझ्या हातात दोन आठवडे होते. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ब्रेकचे पाइप सडलेले, सीटखाली मुंग्यांचं वारूळ. दुपारी पाना हातात धरवत नव्हता, आधी पाण्यात बुडवावा लागायचा. काका ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून गाडीखाली शिरायचे आणि दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन नुसते बसायचे. मी म्हणायची, काका, दुपारी येऊ नका. ते म्हणायचे, डॉक्टर थांबून राहिले ना. एकदा त्यांना उठताना चक्कर आली आणि त्यांनी मडगार्ड धरलं. मी पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून मी पाठ फिरवली. त्या दिवसांत आम्ही दोघंही एकमेकांशी कमी बोलत होतो. बोललं की चिडचिड व्हायची.

शेवटी टाकी राहिली. डॉक्टर निघायला दोन दिवस होते. टाकीला खाली तीन भोकं होती, झाळल्याशिवाय इलाज नव्हता. आणि त्याच वेळी नळ दोन दिवस आला नाही. बोअर तर एप्रिलमध्येच आटली होती. शेडमध्ये एक ड्रम पाणी उरलं होतं. सकाळचं काम उरकून काका म्हणाले, तेवढ्यात टाकी होऊन जाईल, तू धुऊन ठेव, मी जेवण करून येतो.

ते गेल्यावर, इंजिन पाहायला काल घातलेलं आणि खालून झिरपणारं पेट्रोल मी टाकीतून काढलं. बारा वाजले होते. कूलर कोरडाच फिरत होता आणि गरम हवा फेकत होता. माझं डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे पिवळं होत होतं. मी बादली भरली, टाकीकडे निघाले आणि कूलरपाशी थांबले. बाबा, मी विचार केला नाही असं मला म्हणता येत नाही. मी विचार केला. टाकी उन्हात ठेवली तर दोन तासांत सगळं उडून जाईल, असा तो विचार होता. मी ती बादली कूलरमध्ये ओतली. मग दुसरी ओतली. ड्रम तळाला लागेपर्यंत ओतत राहिले. टाकी उचलून बाहेर उन्हात ठेवली आणि कूलरसमोर खाली फरशीवर पडले. इतकं बरं वाटलं की रडू आलं.

अडीचला काका आले. आत येताच थबकले, तोंडावरचा दुपट्टा सोडला आणि कूलरसमोर उभे राहिले.

"आज बरं लागून राहिलं," ते म्हणाले. "पाणी आलं का?"

मी म्हटलं, हो, आलं थोडं.

"टाकी धुतली का?"

मी हो म्हटलं.

आता हे लिहिताना मी पुन्हा तिथं उभी आहे. काका टाकी आत आणतात. कोपऱ्यात विटांवर ठेवतात. गॅसचे सिलिंडर खांबाला साखळीनं बांधलेले आहेत, तिथून नळ्या जमिनीवरून त्यांच्यापर्यंत गेल्या आहेत. मी लाइट धरून त्यांच्या शेजारी उभी आहे. मला वाटतं आहे की ते टाकीला नाक लावतील. तुमच्यासारखंच नेहमी लावतात, मग म्हणतील, बाई, वास येते, परत धू, आणि मी म्हणेन, पाणी संपलं, आणि विषय तिथंच संपेल. मी त्याचीच वाट पाहते आहे. पण ते वाकत नाहीत. मी विचारते, पाहात नाही का काका? ते काळा चष्मा डोळ्यांवर ओढतात.

"तू धुतली ना. मंग पाहाचं काय?"

पाणी भरायचं का, असंही ते विचारतात. मी म्हणते, तेवढं नाही उरलं. ते म्हणतात, चालते, तीन वेळा धुतली असली तर चालते. लायटर वाजतो. ज्योत आधी पिवळी येते, काळा धूर सोडते, मग निळी होऊन फुसफुसायला लागते.

आणि मी मागे सरकते. बाबा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या पायांनीच केलं. लाइट डब्यावर टेकवून मी चार पावलं मागे जाते आणि खांबाच्या आड उभी राहते. तिथं उभी राहिल्यावर मला कळतं की मी कुठं उभी आहे. मी आडोशाला आहे आणि ते मांडी घालून टाकीसमोर बसले आहेत, माझ्याकडे पाठ करून, मानेवर घामाचे ओघळ.

मी म्हटलं, काका, थांबा. कूलरची घरघर आणि ज्योतीचा आवाज यांत ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, माझाच आवाज मला आला नाही. पुढे जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला असता तर ते दचकले असते, हात हलला असता. सिलिंडरची चावी माझ्या हाताशी होती. मी ती फिरवली. नळीत गॅस उरलेला असतो, ज्योत लगेच जात नाही. मी चावी घट्ट आवळून तिथंच उभी, आणि ती ज्योत काकांच्या हातात, टाकीच्या पत्र्यापासून वीतभर. ती आखूड झाली. मग फट् करून विझली.

काकांनी चष्मा वर केला. "गॅस संपला का?"

"नाही. मी बंद केला. टाकी धुतली नाही मी."

काकांनी टाकी जवळ ओढली. वाकून टाकीच्या तोंडाला नाक लावलं. बराच वेळ तसेच होते. मग हातातलं सगळं खाली ठेवलं, उठायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला, आणि ते बाहेर गेले. कडुनिंबाखाली, उन्हाच्या झळांत, उकिडवे बसले. मी मागोमाग गेले आणि उभी राहिले. त्यांनी खिशातला कांदा काढून मुठीत धरला.

"काऊन, बाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "विसरली होती."

त्यांनी मान हलवली. घरी नात आहे, तिचा दहावीचा निकाल यायचा आहे, असं काहीतरी बोलले, माझ्याशी नाही, स्वतःशीच. मग म्हणाले, "गर्मीत डोस्कं काम नाही करत. होते कधी." त्या दिवशी त्यांनी पुढे काम केलं नाही. दुपट्टा झटकून सायकल काढली आणि घरी गेले. मी आत येऊन कूलर बंद केला. त्यात अजून अर्धं पाणी होतं. ते काढून टाकी धुता आली असती, पण मला टाकीला हात लावायची भीती वाटली.

संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला की गाडी उद्या मिळणार नाही. अर्जुनीहून नवेगावपर्यंत चालवायची असं त्यांनी ठरवलं होतं, ते आता होणार नव्हतं. ते म्हणाले, मग मीच येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या राईस मिलमध्ये हात जोडून दोन ड्रम पाणी मागून आणलं. काका आठला शटरपाशी होते. त्यांनी मला टाकीला हात लावू दिला नाही. स्वतः चार वेळा धुतली, प्रत्येक वेळी नाक लावलं, गळ्यापर्यंत भरली आणि झाळली. मी लाइट धरला. या वेळी मागे गेले नाही, पण आता मागे न जाण्यात काही मोठेपणा नव्हता. दुपारी डॉक्टर एसटीनं आले, पांढरा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, हातात औषधांची पिशवी. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि काढला, चटका बसला म्हणून.

तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, आम्ही जवळच्या नागऱ्याच्या देवळापर्यंत गेलो. ते चालवत होते, मी शेजारी. गिअर त्यांना सापडत होते, ब्रेक मात्र उशिरा लागत होता आणि समोरून ट्रॅक्टर आला की माझा हात आपोआप हँडब्रेककडे जात होता. देवळाशी पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि आत न जाता स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग म्हणाले, "तुझे बाबा गाडी दुरुस्त करून द्यायला नेहमी एक दिवस उशीर करायचे. मी फार बोलायचो त्यांना. ते ऐकून घ्यायचे, पण दिवस काही कमी करायचे नाहीत." मग विचारलं, या वेळी उशीर कशानं झाला. मी म्हटलं, पाणी नव्हतं. ते खरंच होतं. ते हो म्हणाले आणि गाडी वळवली. त्याच दिवशी ते पुण्याला गेले.

काका रोज येतात. तसेच बोलतात, चहात साखर कमी आहे म्हणून तसेच कुरकुरतात. फक्त टाकी धुतली का, असं आता विचारत नाहीत. मी धुऊन ठेवलेली टाकी ते माझ्यासमोर उचलतात, पुन्हा पाण्याखाली नेतात, नाक लावतात. रागानं नाही. मी वायर जोडलेली असली तरी बॅटरी लावायच्या आधी एकदा स्वतः पाहून घेतात. पूर्वी असं नव्हतं. तुमच्या पोरीनं सांगितलं म्हणजे झालं, असं होतं. आता मी सांगते आणि ते बरं म्हणतात आणि मग उठून पाहतात.

आता दुपारचे चार वाजलेत. ते मागे एका जीपचा पत्रा ठोकत आहेत, हातोडीचा आवाज येतो आहे, आणि मी काउंटरवर बसून शाळेच्या वहीत हे लिहिते आहे. वही खणात राहील. मी विसरले नव्हते, बाबा, पाणी मी कूलरमध्ये ओतलं होतं, आणि ते त्यांनाच सांगायला हवं, ते इथून वीस पावलांवर आहेत. पण ऐकल्यावर ते उठून जाऊ शकतात. तुम्ही जाऊ शकत नाही, म्हणून मी तुम्हाला लिहिलं.