पाच पायांचं काळं

१२ नोव्हेंबर, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

आज भाट आला होता. जरीचा डगला, बोटात अंगठ्या, हजार ढालींवरच्या खुणा आणि त्यांची घराणी तोंडपाठ. आणि आला कोणाकडे, तर अक्षरशत्रू म्हातारीकडे. ओदिल, हे आधी लिही. हसू नकोस, लिही.

(ओदिल माझ्या बहिणीची मुलगी, मठाशेजारी राहणारी जोगीण. तिला अक्षर वळवायचंय, मला तोंड चालवायचंय. दोघींचं भागतं.)

त्याने कातड्याची गुंडाळी उलगडली. पिवळ्यावर दोन तांबडे मासे. माशांखाली काळं काहीतरी — दोन पाय वर, तीन खाली.

"मारोई आजी, चाळीस वर्षं तुम्ही या मुलखातल्या सरदारांच्या अंगरख्यांवर खुणांचं भरतकाम केलंत. हे काय आहे?"

मासे मोरवालच्या सरदारांचे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या घरचे आमचे रनो सरदार लढाईहून धडधाकट परत आलेत. आणि ते काळं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

ऑगस्टातल्या लढाईनंतर ओढ्याकाठी एक प्रेत मिळालं. चेहरा उरला नव्हता, अंगात हा अंगरखा. भाट म्हणाला, मूळ खुणेत भर घातली की समजायचं धाकटी पाती. पण कुठली पाती, ते त्याच्या गुंडाळ्यांत नाही. तोवर त्या माणसाला मठात, वेदीजवळ फरशीखाली ठेवलंय, सरदाराच्या मानाने. रोज त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा होते. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत घराणं सापडलं नाही, तर उकरून कुंपणाकडच्या खड्ड्यात, बिननावाच्यांत.

नक्कल माझ्याकडे ठेवून गेला.

१५ नोव्हेंबर

पाद्री म्हणाले समई. चक्कीवाला म्हणाला जात्याचा खुंटा — त्याला जगात दुसरं काही दिसतच नाही. सुनेला दाखवलं. पेरोन म्हणाली, "खेकडा."

"पाच पायांचा?"

"मग लंगडा खेकडा. सासूबाई, मेलेल्याचं घराणं शोधण्यापेक्षा जिवंत पळालेल्याला शोधा."

ही तिची रोजची आरती. जिलो माझा मुलगा, तिचा नवरा. रनो सरदारांचा मोतद्दार, घोडे राखणारा. लढाईला त्यांच्या घोड्याबरोबर गेला, आलाच नाही. सरदार सांगतात, पहिल्या कर्ण्यालाच पळाला, त्यांनी त्याची पाठ पाहिली. विहिरीवर माझ्या नातीला पोरं म्हणतात, पळपुट्याची पोर. आणि तबेल्यामागचं हे घर इस्टरला खाली करायचंय. पळपुट्याच्या बायकोला घर कशाला?

२० नोव्हेंबर

काही सुचलं नाही. पावसाळी. गुडघे.

२ डिसेंबर

सरदार मठात येऊन गेले. ओदिलने ऐकलं ते असं — "असेल कोणी लांबचा भाऊबंद. नीट ठेवा त्याला. मेणबत्त्या माझ्याकडून."

एवढी माया! सख्ख्या भावाच्या मयतातून हा माणूस जेवायची वेळ झाली म्हणून उठून गेला होता.

१३ डिसेंबर, संत लूसी

आज कळलं. ओदिल, सावकाश लिही, मीही सावकाश सांगते.

पेरोनने कपडे धुऊन चुलीपुढे वाळत टाकले होते. तिचं कामाचं फडकं दोरीवर उलटं लटकत होतं, मागून जाळाचा उजेड. त्यावर ते काळं. दोन वर, तीन खाली.

माझं रफू. कात्रीने आखडलेलं माझं मधलं बोट वळत नाही, म्हणून रफूचा शेवट मला कधीच गोल करता आला नाही. पाच धागे बाहेर ओढून टाकते. चाळीस वर्षं बायका हसल्या, मीही हसले. भाटासाठी अंगरख्याची नक्कल काढणारा चितारी हसला नाही. त्याने ते धागे सरळ केले, टोकं रेखली, ढालीवर बसवलं. या लोकांना वाटतं, अंगरख्यावर जे दिसेल त्याला बापजादे असलेच पाहिजेत!

एप्रिलात सरदारांचा जुना अंगरखा आला होता, माशांखाली फाटलेला. पिवळा धागा संपला होता. म्हटलं, जुनंच आहे, काळ्याने भागवा. त्यांना मी नवा शिवून दिलाच होता. नवा घालून गेले, नवा घालून आले.

मग जुना कोणाच्या अंगात होता?

जिलोची उंची सरदारांएवढी. चालही तशीच, खांदे पाडून. मीच चिडवायची — "सरदारसाहेब, तेवढी लाकडं फोडा." शत्रूला दोन सरदार दिसावेत, म्हणून मोठी माणसं असं करतात. नोकराच्या अंगात आपला अंगरखा घालतात आणि त्याला पुढे काढतात.

पाठ पाहिली म्हणे. पाहिली असेलच. तो पुढे होता.

१४ डिसेंबर

जेवले नाही. हेरिंग मासा मांजराने नेला.

२१ डिसेंबर, संत थॉमस

ओदिल म्हणते, मावशी, खरं सांगून टाक.

कोणाला सांगू? भाटाला सांगितलं तर तो उद्या मोतद्दाराला फरशीखालून काढेल, तिथे मोतद्दार पुरत नाहीत. नाही सांगितलं तर मेणबत्त्यांच्या सणाला काढेल. खड्डा तोच. सरदारांपुढे उभी राहिले तर इस्टरऐवजी आजच घराबाहेर. आणि एका बोटवाकड्या म्हातारीच्या रफूवर विश्वास कोण ठेवणार? ते फडकं? बायकांचं फडकं पुरावा म्हणून कोणत्या दरबारात चालतं?

पेरोनला सांगायचं तर तिचं तोंड. ती सरळ वाड्यावर जाईल आणि फासावर चढेल.

रोज ती त्याला शिव्या देते, मी ऐकते. आज म्हणाली, "मेला असता तर बरं झालं असतं." मी भाकरी उलटली.

९ जानेवारी

थंडी. काही नाही.

२८ जानेवारी

भाट आला. "आजी, काही आठवलं?"

म्हटलं, "आठवलं. बसा."

मी त्याला घराणं दिलं. नदीपलीकडे, दलदलीच्या अंगाला, मोरवालांची पाच पिढ्यांमागे फुटलेली पाती. गढी बुडाली, माणसं तापाने गेली, शेवटचा एक उरला होता. माझ्या आईने त्यांचे अंगरखे भरलेले. माझी आई जन्मभर डुकरं राखत होती, देव तिला शांती देवो.

"आणि हे काळं?"

"काटेरी झाडाचं मूळ. उपटलं तरी सुटत नाही ते."

त्याचे डोळे ओले झाले, खोटं नाही सांगत. बोरू काढला. "त्या शेवटच्याचं नाव?"

"जिलो म्हणायचे बहुतेक. आमच्या गावातच चार जिलो आहेत, त्यामुळे लक्षात राहिलं."

लिहिलं त्याने. नीट वाळू टाकून सुकवलं. जाताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं — त्याच बोटाचं! खोटेपणाचं पाप पाद्र्यांना इस्टरला सांगेन. लवकर सांगितलं तर पोटात राहणार नाही त्यांच्या.

आता मिस्सेत त्याचं नाव घेतील. घरात मात्र तो पळपुटाच. घर जायचं ते जाणारच. हेच जमलं, एवढंच.

२ फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण

सगळं गाव मठात. पेरोनही आली, नातीला घेऊन. थडग्यावर नवी फरशी बसवलीय, त्यावर मासे आणि त्यांच्याखाली ते काळं, चांगलं वीतभर कोरलेलं. पाद्र्यांनी नाव घेतलं, "सरदार जिलो." पेरोन वाकून बघत होती. बराच वेळ. मग तिने पदराखालचं कामाचं फडकं काढलं, रफू आत जाईल अशी घडी केली आणि खोचलं.

घरी आलो. दारात थांबली.

"सासूबाई, यापुढे रफू मी करेन. तुमचं कोणीही ओळखेल."