नवरदेवाचा पट्टा

जकार्ता, २१ जून

प्रिय म्बाक रातीह,

तुझ्या धाकट्या बहिणीचा सलाम. हे पत्र दामारच्या खिशात घालून पाठवतेय, म्हणजे तू वाचशील तेव्हा तुझा लेक तुझ्यासमोर असेल. आधी त्याला डोळे भरून बघ, मग वाचायला घे.

तो बरा आहे. कुणी अंगाला हात लावला नाही, मी खोदून खोदून विचारलं. थोडा वाळलाय, आणि दार आपटलं की दचकतो. काल आल्या आल्या तळलेल्या तेंपेवर नि सांबलच्या चटणीवर तुटून पडला, वर मलाच ऐकवलं, "मावशी, आईच्या सांबलची सर नाही हं याला." तेव्हा मला खात्री पटली की पोरगा शाबूत आहे. आत्ता सोफ्यावर आडवा झालाय. माझा गुडघा म्हणशील तर आहे तसाच. इकडे उकाडा असा आहे की पंखासुद्धा गरम वारा फेकतो.

तू रोज फोनवर म्हणायचीस, "खासदार ना गं तू? एक फोन करायला हात झिजतात का तुझे?" आणि मी "बघते, बघते" म्हणून वेळ मारून न्यायचे. शेवटी तू म्हणालीस, "जकार्ताचं पाणी लागलं तुला," आणि फोन ठेवलास. तरी तुला खरं सांगितलं नाही. संसदेच्या ज्या समितीत मी आहे, तिथलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असते, हे एक कारण. दुसरंही आहे. तिकडे येतेच.

त्याला का उचललं, हे तुला कुणी धड सांगितलं नसेल. स्फोटकं अंगाला बांधून मरायला निघालेल्या माणसाला अतिरेकी आपापसांत 'नवरदेव' म्हणतात. आणि तुझा धंदा नवरदेव सजवायचा! त्यात बसार महिना, लग्नांवर लग्नं. दामार तुला फोनवर सांगतोय, "नवरदेव तयार आहे. पट्टा बांधलाय. हॉल भरला की आत सोडतो." तुमच्या भागातले फोन गुप्तचर खातं ऐकत होतं. त्यांनी आमच्या देखरेख समितीला जो सारांश दिला, त्यात ही एवढीच वाक्यं होती. म्बाक, ती मी दोनदा वाचली. ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्याबद्दल घटकाभर माझ्याही मनात नको ते आलं. तुझ्यापासून लपवत नाही.

आम्हाला नेहमी सारांशच मिळतो. तो वाचायचा, माना डोलवायच्या, चहा प्यायचा आणि देशावर देखरेख झाली म्हणायचं. मूळ आवाज ऐकवा, ही माझी मागणी दामारला उचलण्याच्या आधीपासून पडून होती. जनरलसाहेबांना, म्हणजे खात्याच्या प्रमुखांना, ती घशात अडकलेल्या काट्यासारखी सलत होती.

दामारला उचलल्यानंतरच्या बैठकीत चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. माणूस गोडबोल्या. म्हणाले, "इबू हेस्ती, तुमचा भाचा आमच्याकडे आहे, कळलं मला. पोरसवदा आहे. गैरसमज असेल. उद्या घरी पोचवतो."

मी म्हटलं, "आणि?"

"आणि काय? ती तुमची मागणी तेवढी मागे घ्या. विषय संपला."

"याच 'नवरदेव' शब्दावर तुम्ही आणखीही माणसं धरलीत. त्यांचं काय?"

ते हसले. "ते तुमचे कोण?"

म्बाक, मी नाही म्हणाले.

हे मी इतके दिवस गिळून बसले होते. तू ज्या फोनची वाट बघत होतीस, तो मी करायच्या आधीच समोरून आला होता, आणि मी तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तू रडत फोन केलास, तेव्हा मला ठाऊक होतं की दामार एव्हाना तुझ्या ओसरीवर असता. त्या दिवशी मी आंघोळीच्या खोलीत नळ सोडून तोंडावर टॉवेल दाबून रडले.

मग मी आमच्या अध्यक्षांना, बापाक मानुरुंगना, सगळं सांगून टाकलं. भाचा आहे हेही. ते म्हणाले, "मग तुम्ही मतदान करायचं नाही. मागणी मी माझ्या नावावर मांडतो." मी हात मांडीवर ठेवून बसले आणि दुसऱ्यांचे वर गेलेले हात बघत राहिले. मागणी मंजूर झाली, अगदी काठावर.

मूळ आवाज लागला. जावानीत तुझा खणखणीत सूर! सारांशातली वाक्यं संपल्यावर अधिकारी यंत्र बंद करायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "चालू द्या. शेवटपर्यंत." आणि तू म्हणालीस, "अरे पट्टा आवळ, मागच्या लग्नात सुटला होता!" दामार म्हणतो, "आवळू कसा? पोट आत घे म्हटलं तर घेत नाही, मघापासून तिसरं केळं खातोय." आणि तू, "खंजीर पाठीमागे खोच, आणि त्याला सांग हसू नकोस, पावडर तडकते!"

जावातल्या सोलो शहराचे खासदार सुतार्तो आधी खदखदून हसले. मग जावानी कळणारे सगळे. आमचे अध्यक्ष सुमात्राचे, त्यांना एक अक्षर कळेना. "काय? काय म्हणाली बाई?" सुतार्तो डोळे पुसत सांगत होते. जनरलसाहेब कागद चाळत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मी मात्र हसू शकले नाही. एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या बहिणीचा पोरगा कोठडीत होता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

हे तुला सांगायला अध्यक्षांची परवानगी आहे. "जिचा आवाज आहे तिच्यापासून कसलं गुपित?" म्हणाले. यापुढे धरलेल्या प्रत्येकाचा मूळ आवाज समिती ऐकणार, आणि त्याची भाषा जाणणारा माणूस शेजारी बसणार. आणखी दोघं दामारबरोबरच सुटले. उरलेल्यांतला एखादा खरंच वाईट असेलही. पण आता ते ऐकूनच ठरेल. त्यांच्या मावश्या संसदेत नाहीत गं.

तरी ते जास्तीचे दिवस दामारने काढले, तू काढलेस. ठरवलं मी. पुन्हा वेळ आली तर काय करीन, मला माहीत नाही. त्याच्याजवळ यातलं काही बोललेले नाही. तू आई आहेस, सांगायचं की नाही ते तू ठरव.

रागाव माझ्यावर. पण पत्रातून नको, फोनवर रागाव, तोंडाला येईल ते बोल, फक्त बोल. कुणी ऐकत असलं तर त्यांनाही शेवटपर्यंत ऐकू दे.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
तुझी धाकटी
हेस्ती