ढिली केबल, मामी पलीकडे

गडचिरोली,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. श्रावणमामा यांस,
दिव्यानीचा सविनय जय भीम. वि. वि.

शनिवारी आमटोला घाटावर घडले ते मामीने फोनवर सांगितले. तिचे हसणे वगळून ते असे:

१. तुम्ही दांडी मधोमध, म्हणजे न्यूट्रलला ठेवून बोटीचे इंजिन सुरू केले.
२. दोर सोडायला तुम्ही काठावर उतरलात.
३. दोर सुटला.
४. दांडी न्यूट्रलला होती, गिअर मात्र नव्हता. बोट निघाली.
५. बोटीत मामी आणि गावातल्या लच्छूच्या दोन बकऱ्या होत्या.
६. मामी वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात पोचली. तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातच राहिलात.
७. इजा कोणाला नाही.

फोन मामीकडे असतो आणि ती तो स्पीकरवर ठेवते, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरसोबत पाठवते. बुधवारी, १२ तारखेला, आमच्या कार्यालयाकडून तुमच्या बोटीची चाचणी आहे. बोट नापास झाली तर प्रवासी नेण्याचा परवाना मिळणार नाही आणि ती खुंट्याला बांधून ठेवावी लागेल. म्हणून एकच विचारते. इंजिनच्या केबलला हात कोणी लावला?

मामीला नमस्कार. बकऱ्या परत आल्या का तेही कळवावे.

आपली भाची,
दिव्यानी

•

आमटोला,
बुधवार, ५ फेब्रुवारी

चि. दिव्यानीले मामाचा जय भीम अन् आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं. पंचनामा बरा लिहितं तू. तुह्या मायनं तुले डिप्लोमा करू देला तवाच मी म्हनलो होतो, हे पोरगी एक दिवस आपल्याच मानसाले नंबर टाकन.

बकऱ्या आल्या. लच्छू मात्र गावभर विचारून राह्यला, का भाऊ, तुमची बाई तुमाले सोडून पलीकडं गेली म्हने, खरं हाय का. पानठेल्यावर जायची सोय नाई राह्यली.

केबलले हात मीच लावला. लपवून काय करू? दांडी लय कडक लागे. बैलाचा कासरा सदा तानून धरला तं बैल तोंड वाकडं करते, हे तुले काय सांगू. इंजिन बी जनावरच. म्हनून दोन्ही केबलचे नट फिरवून जरा ढिल दिली. आता दांडी हातभर सारा लागते, मंग पकडते. पन मले त्याचा अंदाज हाय. शनिवारी तेवढं चुकलं.

चाचनी तूच घेनार असं आयकलो. मंग घोर कायचा? तपासलं, ठीक हाय, असं लिहून टाक. सख्खी भाची कामी नाई येनार तं कोन येनार?

मामीले यातलं काही सांगू नको.

तुहा मामा,
श्रावण

•

गडचिरोली,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

ती. मामा,
सविनय जय भीम.

सख्खी भाची आहे, म्हणूनच कामी येणार नाही. आपले नाते मी कार्यालयात लेखी कळवले आहे. चाचणीला माझ्याऐवजी बापूराव साहेब येतील. ते कामावर असताना हसत नाहीत. कामावर नसतानाही हसलेले मी पाहिलेले नाहीत.

केबल म्हणजे कासरा नाही. बैलाला ढील दिली तर तो स्वतःच्या डोक्याने चालतो. इंजिनला डोके नाही. तुम्ही दांडी मध्ये आणलीत, पण ढिल्या केबलने गिअर ओढलाच नाही, तो पुढच्या चालीतच अडकून राहिला. आता असे करा:

इंजिन बंद ठेवा आणि बॅटरीची तार काढा. दांडी मधोमध ठेवा. बोटीचा पाण्यातला पंखा हाताने फिरवून पाहा. तो मोकळा फिरला तरच गिअर न्यूट्रलला आहे. आधी गिअरची केबल घ्या. तिच्या टोकाचे पितळी बोंडूक, म्हणजे आटे आणि भोक असलेला तुकडा, इतके फिरवा, की भोक गिअरच्या खिळीवर जोर न लावता बसेल. आटे किमान आठ मिलिमीटर आत राहिले पाहिजेत. मग वॉशर, पिन आणि नट. त्यानंतर थ्रॉटलची, म्हणजे वेगाची, केबल. तिने थ्रॉटलची भुजा अडणीला, म्हणजे भुजा जिथे थांबते त्या खुंटीला, हलकेच टेकवून धरली पाहिजे. दोन्हींच्या मध्ये बसचे तिकीट घालून ओढा. ते अडत अडत निघाले पण फाटले नाही, तर बरोबर.

पुडीत दोन वॉशर आणि दोन पिना आहेत. जुन्या पिना पुन्हा वापरू नका.

तुमची तब्येत सांभाळा. दांडी हातभर सारून खांदा दुखत असणारच.

दिव्यानी

•

आमटोला,
शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. दिव्यानीले आशीर्वाद.

तू सांगतलं तसं सगळं केलं. पितळी बोंडूक फिरवलं, तिकीट बी ओढून पाह्यलं. तिकीट नाई फाटलं. इंजिन आता शिकल्या मानसावानी वागते. बापूराव साहेबाले म्हनाव, या खुशाल.

लिहाले काही राह्यलं नाई म्हनून थांबतो. जीव लाव आमच्यावर.

श्रावणमामा

•

आमटोला,
बुधवार, १२ फेब्रुवारी

दिव्यानीले गिरजामामीचा जय भीम.

फोन नाई केला. तुह्ये मामा बाजूलेच बसून हायेत, तोंड पाडून. त्याईले वाटते, मी बचतगटाचा अर्ज लिहून राह्यलो.

शनिवारी त्याईच्या सदऱ्याच्या खिशात तुहं पत्र सापडलं. संगं पुडी, उघडली बी नव्हती. विचारलं तं म्हने, झालं सारं काम. पुडी जशीच्या तशी अन् काम कसं झालं? रविवारी ते बाजाराले गेले, अन् मी तुहं पत्र मांडीवर घेऊन बोटीत बसलो. शिलाई मशीनच्या बॉबीनचा ताण तीस वर्सं मीच लावतो, हे त्याहून काय अवघड. पह्यलं तिकीट फाटलं. दुसरं नाई फाटलं. त्याईले मी सांगतलं नाई, अन् आपन हात लावला नाई हे त्याईनं मले सांगतलं नाई.

आज साहेब आले. कागद लावलेली पाटी घेऊन बोटीच्या मधात उभे. तुह्या मामाले वाटे केबल ढिलीच हाय. त्याईनं सवयीनं दांडी हातभर सारली. बोट अशी उडाली का साहेब सरळ मासोळीच्या टोपल्यात बसले. पाटी नदीत. काठावरून लच्छू वरडला, भाऊ, आता साहेबाले बी पलीकडं पाठवून राह्यले का!

साहेब उठले, पँट झटकली अन् इचारलं, केबल कोनं बसवली? मामा नदीच्या पान्याकडं पाहे. मंग मीच हात वर केला. साहेब म्हने, बाई, तुम्ही चालवून दाखवा. मी पलीकडं नेली, वापस आनली. धक्का नाई, हिसका नाई.

दिव्यानी, परवान्याच्या कागदावर त्याईचंच नाव लिही. बावीस वर्सं घाट त्याईचा हाय. दांडी मी पाहीन. वर्सभरात सुदरतीन तं सुदरतीन.

तुही मामी,
गिरजा

•

गडचिरोली,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती. मामा,
सविनय जय भीम.

बोट पास झाली. बापूराव साहेबांनी शेरा लिहिला आहे: केबल जोडणी उत्तम. पँट अजून कार्यालयाच्या मागे वाळते आहे. शेऱ्यात तिचा उल्लेख नाही.

परवान्याच्या पत्रकात चालकाचा रकाना कोरा आहे. मामीने तुमचेच नाव लिहायला सांगितले, दांडी मात्र तिच्या हाती राहील म्हणे. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, असा रकाना पत्रकात नाही. तुम्हाला बोट चालवता येत नाही असे कोणी म्हटलेले नाही. तुम्हाला ढिली बोट चालवता येते, असे साहेबांचे मत आहे.

म्हणून दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे गिरजाबाई यांचे नाव. त्यांची चाचणी झालेली आहे, परवाना लगेच निघेल. दुसरा म्हणजे तुमचे नाव. मग सोमवारी, २४ तारखेला, पुन्हा चाचणी, आणि तोवर मामीच्या शेजारी बसून रोज दोन फेऱ्यांचा सराव. त्या अकरा दिवसांत लच्छू काठावर असेल, हे गृहीत धरा.

मला दोन्ही चालतील. पहिल्या मार्गात घाट एक दिवसही बंद राहणार नाही. दुसऱ्यात तुम्ही मामीकडून शिकलात हे गावाला दिसेल. कोणता जास्त जड जाईल ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून मामीला न विचारता तुम्हाला विचारते. आजवर माझ्यावर जितका राग धरलात, त्यापेक्षा माया जास्त असल्याचे मी मोजलेले आहे. ती तशीच राहू द्यावी.

चालकाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहू, ते तुमच्या स्वतःच्या अक्षरात सोमवार, १७ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.

दिव्यानी