दोन अँप आणि एक शिट्टी

रविवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळ.

गिटार घेतली, तिचा आवाज मोठा करणारा अँप नाही. का नाही, ते इथे तरी खरं लिहितो.

नाशिक रोडचे साळवेकाका मुलीकडे राहायला चाललेत, म्हणून सामान विकतायत. ब्लूज मी त्यांच्याकडेच शिकलो. जुनी लाल गिटार हातात घेताच आवडली. तार ओढून धरली की सूर कण्हल्यासारखा निघतो. ब्लूजला तेच हवं.

मग अँप लावला. मागे बारीक शिट्टी.

"काका, ह्यात शिट्टी येतेय."

त्यांनी कान लावला. "मला नाही येत बाबा ऐकू. दुसरा लावून बघ."

दुसऱ्यातही तीच शिट्टी, तेवढीच बारीक. वायर बदलली, प्लग बदलला. शेवटी काकांनी अँप बंदच केला. दिवा विझला. शिट्टी चालूच.

मी प्लग काढून बाजूला ठेवला. पण चेहरा पडला असणार, कारण काका बघत राहिले. "अंबडच्या कारखान्यात त्या दणदणणाऱ्या पत्र्याच्या प्रेसवर किती वर्षं झाली तुला?"

"अकरा."

"कानात बोळे घालतोस?"

मी नुसता हसलो. आमच्या कारखान्यात कोण घालतं? आता वाटतंय, हसायला नको होतं.

"अँप राहू दे," काका म्हणाले. "आधी कान दाखव."

घरी येऊन बायकोला, मीनाला, सगळं सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली.

"महिनाभर मागून हाक मारली की तुम्ही ओ देत नाही," ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्यावर रागावलायत."