बाबेंनी अडवलेलं दार

८ जानेवारी २०१६, शुक्र.

प्रबंधाच्या प्रकरण ३ चा, प्र. ३ चा, कणा आज सापडला. तोही इथे मस्कतमध्ये, बौशरच्या सलूनमध्ये, भुवया कोरून घेताना.

यांती दोरा दातात धरून काम करते आणि मधेच दोरा सोडून पंतून म्हणते. चार ओळींचं. इंडोनेशियात लग्नात, बाजारात, भांडणात, कुठेही म्हणतात. पहिल्या दोन ओळी झाडाच्या, पक्ष्याच्या, कशाच्याही. खरं काय म्हणायचंय ते शेवटच्या दोन ओळींत. पहिल्या दोन नुसत्या यमकासाठी, भरतीच्या, असं आजवर सगळे म्हणत आले. मी नाही म्हणणार. यांतीच्या आजच्या पंतूनमध्ये पहिल्या ओळीत इथल्याच रुवीचा बसस्टँड होता, दुसरीत बंद पडलेला एसी. नवीन आलेल्या मुली अजून भातशेतं आणि नारळ म्हणतात. जुन्या झालेल्या मस्कत म्हणतात.

म्हणजे माणूस कुठे उभा आहे, ते पहिल्या दोन ओळी सांगतात. हेच माझं म्हणणं. याच्यावर प्रबंध उभा राहतो की नाही बघा.

मी उत्साहात बोलायला लागले तर यांती म्हणाली, "म्पोक, तोंड हलवू नका, भुवई जाईल." म्पोक म्हणजे ताई. तिच्या जाकार्ताकडच्या बोलीत.

नवऱ्याला, मि. ला, रात्री जेवताना सगळं सांगितलं. म्हणाला, "छान. पण डावी भुवई खरंच बारीक झालीय."

१५ जानेवारी, शुक्र.

यांतीचं लग्न ठरतंय. ठरतंय म्हणजे अडकलंय.

मुलगा आपल्याकडचा! इम्तियाज, दापोलीजवळच्या गावचा. इथल्या वादी अदाई भागातल्या एका बेकरीची व्हॅन चालवतो, पाव पार सोहारपर्यंत पोचवतो. सलूनखालच्या दुकानात रोज पाव टाकायला येतो, तिथे ओळख. दोघं आपसात काय बोलतात कोण जाणे. थोडं हिंदी, थोडं अरबी, बाकी हातवारे.

अडचण वडिलांची. यांतीला आई नाही, वडिलांनीच वाढवलं. त्यांच्या होकाराशिवाय निकाह नाही. तिच्या बोलीत वडिलांना बाबे म्हणतात. आणि हे बाबे साधे नाहीत. जाकार्ताच्या बाहेरच्या वस्तीत गेली कित्येक वर्षं लोकांच्या लग्नांत मुलीकडचं दार अडवायचं काम करतात. नवरदेवाची वरात आली की दारात उभं राहून पंतून टाकायचं. समोरच्याने पंतूनमध्येच उत्तर द्यायचं, नाही जमलं तर दार बंद.

बाबेंचा निरोप: "परदेशी आहे म्हणून सवलत नाही. सगळ्यांसारखं दाराशी यावं."

यांतीचा व्हिसा मार्चअखेर संपतोय. तोवर दार उघडलं नाही तर ती जाणार, आणि बाबे तिकडे कुणीतरी बघणार. हे सांगताना रडली नाही. माझ्या कपाळाला पावडर जरा जास्त लावली, एवढंच.

मी म्हटलं, काळजी करू नकोस. मी आहे ना.

२२ जानेवारी, शुक्र.

इथे व्हॉट्सॅपवरून फोन लागत नाही, बंदी. त्यामुळे वरात व्हॉइस नोटवरून. बाबेंचं पहिलं पंतून सकाळी आलं. काय आवाज आहे! जाडाभरडा आणि मधेच मिश्किल. मराठीत साधारण असं:

विहिरीवरती बांबू वाकला,
दोर तुटुनी पोहरा गेला;
दाराशी माझ्या कोण थांबला,
वाट चुकून का इथे आला?

इम्तियाज दुपारी घरी आला. हातात गरम पाव, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. म्हणाला, "ताई, मना शाळेत कविता कधी पाठ झाली नाय. सर फोडून काढायचे."

जाकार्तात आम्ही चार वर्षं काढली, मि. च्या नोकरीमुळे. त्या भाषेतली पंतुनं माझ्याकडे शेकड्यांनी आहेत. अर्ध्या तासात झकास उत्तर रचून दिलं. पहिल्या ओळीत दुरियानचं झाड, दुसरीत त्यावर बसलेला बगळा. शेवटच्या दोन ओळींत नम्रपणे, वाट चुकलो नाही, विचारत विचारत आलो. त्याच्याकडून घोकून घेतलं. शेवटी न अडखळता म्हणाला. पाठवलं.

माझ्यावर मीच खूश.

२३ जानेवारी, शनि.

घात झाला.

बाबेंचं उत्तर इम्तियाजला व्हॅनमध्ये मिळालं. पंतून नव्हतं, साधा प्रश्न: "दुरियानचा वास कसा येतो रे?"

या शहाण्याने कुणालाही न विचारता तिथल्या तिथे उत्तर ठोकलं. "गोड, बाबे. गुलाबासारखा."

दुरियान! ज्या फळाला घाण वासापायी हॉटेलवाले दारात उभं करत नाहीत! जाकार्तात आमच्या शेजाऱ्यांनी एकदा आणलं तर मि. गॅस गळतोय म्हणून वॉचमनला बोलावायला धावला होता.

बाबेंची पुढची नोट नुसती हसण्याची. आधी एकटे, मग आजूबाजूचे लोकही. त्यानंतर काही नाही.

इम्तियाजला विचारलं, अरे असं का सांगितलंस? तर म्हणतो, "बाबेंनी विचारलान, मी सांगितलं. झाडाचं गाणं आहे म्हटल्यावर वास चांगलाच असणार ना, ताई?"

यांती दोन तास त्याच्याशी बोलली नाही. मग तीही हसली म्हणे.

२४ जानेवारी, रवि.

चूक त्याची नाही, माझी. पंधरा दिवसांपूर्वी मीच लिहिलं, पहिल्या दोन ओळी माणूस कुठे उभा आहे ते सांगतात. आणि दापोलीच्या पोराला नेऊन उभं केलं दुरियानखाली! प्र. ३ चा एवढा सुंदर पुरावा मीच स्वतःवर दिला.

राग आला आणि हसूही. मि. म्हणतो, "आता सोड. नसते उद्योग." सोडते कशाला. आता तर काय चुकलं ते कळलंय.

२९ जानेवारी, शुक्र.

इम्तियाजला समोर बसवलं. म्हटलं, आज मी काही सांगणार नाही, तू सांग. रोज काय बघतोस?

"काय बघनार. रस्ता."

आणखी?

"सोहारवरून येताना ट्रे रिकामे असतात. पन वास जात नाय पावाचा. यांती म्हणते, तुझ्या शर्टाला पन येतो."

मी पेन खाली ठेवलं. मला पाहिजे ते हेच होतं. भाषेची घडी मी घालून दिली, शब्द त्याचेच:

सोहारहून परतते गाडी,
ट्रे रिकामे, वास पावाचा;
बाबे, उघडा दाराची कडी,
पाहुणा मी परक्या गावाचा.

रेकॉर्ड करताना तिसऱ्या ओळीवर अडला, मी हळूच शब्द पुरवला. पाठवलं. लगेच निळ्या खुणा. उत्तर नाही.

३१ जानेवारी, रवि.

आलं! "वास पावाचा" हे बाबेंनी दोनदा म्हणून बघितलं, चव घेतल्यासारखं. मग म्हणाले, "हे ठीक. पण मागे कुजबुजणारी बाई कोण? तिने आधी स्वतःचं दार उघडावं."

पकडली गेले. म्हणजे आता मीही काहीतरी म्हणून दाखवायचं. यांती म्हणे, बाबेंना वरातीत मागून सांगणारे बरोबर ऐकू येतात.

आता मी काय कमी आहे? आपल्याकडे सासरच्या उंबऱ्यावर नणंद दार अडवते ना, तसं समजून मी उखाणाच घेतला:

बौशरच्या मॉलमध्ये एसीचा वारा,
मिलिंदरावांचं नाव घेते, वाट सोडा जरा.

आधी मराठीत म्हटला, मग अर्थ सांगितला. मि. आतून ओरडला, "माझं नाव जाकार्ताला कशाला पाठवतेस?"

५ फेब्रुवारी, शुक्र.

बाबे उखाण्यावर बेहद्द खूश. "तुमच्याकडेही पहिली ओळ उगाच असते?" असं विचारलं. मी म्हटलं, उगाच नसते, बाबे. पुढच्या नोटमध्ये म्हणाले, "बरोबर. उगाच नसते."

हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. ज्याचा जन्म दारात उभं राहून गेला तो माणूस माझं म्हणणं मान्य करतोय. प्रबंधात हे घालता आलं तर!

पण नाही घालता येणार. बाबेंचं सगळं कळवलं होतं, त्यावर पुण्याहून माझ्या गाइड मॅडमचा मेल आला. रीतसर, गोड आणि कडक. "स्नेहल, तू आता संशोधक राहिली नाहीस, वऱ्हाडी झालीस. ही सामग्री वापरता येणार नाही." बरोबर आहे त्यांचं. उत्तर लिहिलं, बाबेंच्या नोट्स वगळते, बाकीच्या बायकांच्या पंतुनांवर प्रकरण उभं राहतं आणि राहील. शेवटी एक ओळ जोडली, वऱ्हाडी व्हायला मजा येतेय.

१२ फेब्रुवारी, शुक्र.

बाबेंनी आज ठेवणीतला प्रश्न काढला. पंतून होतं, पण आवाजात मिश्किलपणा नव्हता. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या अंगणातली रिकामी खुर्ची. पुढे अर्थ असा: नातवंडं होतील, ती माझ्याशी कोणत्या भाषेत हसतील?

इम्तियाजने नोट पुन्हा लावली. यांतीने ती बंद केली.

हा प्रश्न माझ्या घरातलाही. संध्याकाळीच माझ्या इराने साताऱ्याला फोन लावला होता. आईने, म्हणजे इराच्या आजीने, काहीतरी गंमत सांगितली असणार. इरा माझ्याकडे बघून विचारते, "मम्मा, व्हॉट इज फजिती?" मी सांगेपर्यंत हसायची वेळ निघून गेली होती. तिकडे आई एकटीच हसत होती, मग तीही थांबली. मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षांची माझी पोर, आणि मी जगाच्या भाषा गोळा करत फिरते.

बाबेंना काय सांगावं, मला सुचत नाही. पहिल्यांदाच.

१९ फेब्रुवारी, शुक्र.

उत्तर नाही. इम्तियाजला बाबेंसाठी दोन खर्डे दिले. दोन्ही वाचून म्हणाला, "चांगले आहेत ताई. पन हे तुमचे आहेत."

शहाणा झालाय. मी खर्डे फाडले.

रोज इराला एक गंमत मराठीत सांगायची, असं ठरवलंय. आजची तिला कळली नाही. उद्या दुसरी.

२६ फेब्रुवारी, शुक्र.

इम्तियाजने मला न विचारता उत्तर पाठवलं! यांतीने दुपारी ऐकवलं.

तिकडच्या लग्नांत नवरदेव मुलीकडे मगरीच्या आकाराचे दोन पाव घेऊन येतो. मगर म्हणे जन्मभर एकच जोडीदार ठेवते. यांतीने त्याला कधीतरी सांगितलं असणार. त्याने काल बेकरीच्या भट्टीत दोन मगरी भाजल्या. भट्टीवरच्या मल्याळी भाईने विचारलं, "ये छिपकली किसका ऑर्डर है?" मग त्या मगरींचा फोटो बाबेंना पाठवला. एकीची शेपूट जळलेली. सोबत नोट, मोडक्यातोडक्या त्यांच्याच बोलीत. यमक नाही, ओळी नाहीत:

"बाबे, पोरांची भाषा मला माहीत नाही. पण दुरियानला गुलाब म्हणणारा बाप मिळाला, तर पोरं तुमच्याबरोबर त्याला हसायला शिकतीलच."

मी यांतीसमोर रडले. ती माझ्यासमोर. सलूनमधली फिलिपिनो मुलगी दोघींना टिश्यू देऊन गेली.

हे मला सुचलं नसतं. नाही म्हणजे नाहीच.

४ मार्च, शुक्र.

बाबे गप्प. नोट ऐकल्याची खूण आहे. यांतीच्या मालकिणीने परतीचं तिकीट काढायचं का विचारलंय. यांतीने आठवडा मागून घेतला.

मी म्हणते, होकार येणार. मि. म्हणतो, "तुला काय माहीत?" मला माहीत आहे. रिकाम्या खुर्चीबद्दल बोलणारा माणूस दार बंद करत नसतो.

प्र. ३ मॅडमना पाठवलं. बाबे वगळून. चांगलं झालंय.

आज इरा हसली. साधीच गोष्ट होती, मि. आणि वॉचमन आणि गॅस. पण मराठीत हसली, आणि लगेच म्हणाली, "आजीला सांगू?" सांगितली. अडखळत, पण शेवटपर्यंत.

११ मार्च, शुक्र.

सकाळी बाबेंची नोट. दोनच ओळी.

वादी अदाईत भट्टी पेटली,
दुरियानचा वास रुवीत आला...

आणि संपली. पुढे नुसता कोंबडा आरवतोय, मग तोही नाही.

यांती धावत घरी आली, चपला हातात. म्हटलं, याचा अर्थ काय? म्हणाली, "माहीत नाही, म्पोक. वरात पसंत पडली की बाबे अर्ध्यावर सोडतात, पुढचं नवरदेवाने पुरं करायचं. पण चिडले तरीही अर्ध्यावर सोडतात."

बाबे कधी मस्कतला आले नाहीत. न पाहिलेल्या झाडाचं नाव घेतलं म्हणून त्यांनीच इम्तियाजला पकडलं होतं. आणि आज त्यांच्या ओळीत वादी अदाई, रुवी. चेष्टा असेल. पण माझा प्रबंध खरा असेल, तर बाबे आत्ता मनाने त्या बेकरीच्या दारात उभे आहेत.

इम्तियाजचा सोहारच्या रस्त्यावरून फोन. "ताई, पुढच्या दोन ओळी काय टाकू?"

माझ्या जिभेवर तयार आहेत. सुंदर आहेत. म्हटलं, "गाडी बाजूला घे. तुझं तू बघ." आणि फोन ठेवला.

यांती ओट्याशी उभी राहून कांदा चिरतेय. मी तिला चिरू दिला, हाताला काम हवं. इरा तिला विचारतेय की दुरियानचा वास खरंच कसा येतो, आणि यांती नाक धरून दाखवतेय. फोन मधोमध ठेवलाय, आवाज पूर्ण मोठा करून.