एक अपयश हवं आहे

२ नोव्हेंबर
यंदा एमबीएला अर्ज करायचा. ठरलं. नोकरीला दोन वर्षं झाली होती तेव्हा थांबलो, कारण दोन वर्षांत माणूस कच्चाच असतो. चार झाली तेव्हा वाटलं, पाचाला वजन येतं. पाचव्या वर्षी मी गेलो असतो तर कंपनी बसली असती. आता सहा. सातनंतर रेग्युलर कोर्सला घेतच नाहीत, रविवारच्या बॅचला ढकलतात, म्हणजे टक्कलवाल्या काकांत. तेव्हा यंदाच. बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, बरं. महत्त्वाकांक्षा म्हणजे काय हे तिला समजावून उपयोग नाही.

५ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरची चिमणी (नाव मीच ठेवलंय) तीपण अर्ज करतेय. अनुभव तीन वर्षं! आम्ही नळ बनवतो. तीन वर्षांत वॉशर कुठे बसतो तेसुद्धा धड कळत नाही. घाई करू नकोस, असं मोठ्या भावाच्या नात्याने सांगितलं. ती म्हणाली, सर, गेल्या आठवड्याचा तुमचा डिस्पॅच रिपोर्ट साहेबांकडे गेला हं. विषय बदलण्यात पटाईत.

१४ नोव्हेंबर
दुपारी ऑफिसातच अर्ज उघडला. शिक्षण, अनुभव, छंद: झकास. मग प्रश्न आला. नोकरीतलं तुमचं एक अपयश सांगा, आणि त्यातून काय शिकलात.
संध्याकाळपर्यंत आठवत बसलो. एकही नाही.

१५ नोव्हेंबर
अजून नाही. चिमणीने अर्ज पाठवलासुद्धा. पहिल्या फेरीत अधीर लोक असतात. मी शेवटच्या फेरीत करणार, ३१ जानेवारी.

२१ नोव्हेंबर
साहेबांना विचारलं, माझं एखादं अपयश आठवतंय का. साहेब म्हणाले, बसा. दार लावून घेतलं. त्यांनी ती हॉटेलची ऑर्डर उकरून काढली. सगळ्या नळांना लाल बटणं लागून गेली होती, निळं एकही नाही, आणि पाहुण्यांनी महिनाभर गरम-गार ओळखायला हात भाजून घेतले. पण तो घोळ स्टोअरवाल्याचा! मी फक्त सही केली. सही करणाऱ्याने प्रत्येक खोका उघडून बघायचा म्हटलं तर झालंच कल्याण. साहेबांनी आणखी चार-पाच सांगितली. सगळी दुसऱ्यांची निघाली. हा माणूस मला पाण्यात बघतो.

३ डिसेंबर
बायको म्हणाली, लग्न ठरलं तेव्हाही तू यंदा अर्ज करणार होतास, तेच लिही की. अपयश आणि नियोजन यांतला फरक तिला कळत नाही. नंतर तिने तिच्या भावाला फोन केला. बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मेव्हण्याचं स्वतःचं दुकान दोनदा बुडालंय. त्याला हा प्रश्न सोपा गेला असता.

१२ डिसेंबर
अपयश सापडत नसेल तर मिळवावं. छोटंसं, देखणं, शिकण्याजोगं. मीटिंगमध्ये मुद्दाम एक टाकाऊ कल्पना मांडली: प्रत्येक नळाबरोबर एक जादा वॉशर फुकट द्यावा. मग साहेब म्हणाले, वा, सहा वर्षांत पहिल्यांदाच! कल्पना मंजूर. राबवायला चिमणीला दिली. डोकं उठलं.

९ जानेवारी
वॉशरची योजना जोरात चाललीये. ही माणसं मला साधं अपयशसुद्धा मिळू देत नाहीत. वर साहेबांनी माझ्या डिस्पॅच रिपोर्टचं कौतुक केलं, वर्षभर अगदी वेळेवर येताहेत म्हणे. मला तर लिहिल्याचंही आठवत नाही, इतका हात बसलाय.

३१ जानेवारी
शेवटचा दिवस. सगळा अर्ज तयार, ते एक उत्तर कोरं. खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही. झोपतो. असल्या कॉलेजांत मुदत वाढवतातच.

१ फेब्रुवारी
वाढवली नाही.
चिमणीला प्रवेश मिळाला. ऑफिसात केक. सगळ्यांसमोर म्हणाली, मुलाखतीत मी आपल्या सरांबद्दलच बोलले. छाती फुगली. शेवटी कुणीतरी जाण ठेवली म्हणायची. मोठा तुकडा उचलला. साहेबांनी विचारलं, कोणत्या प्रश्नाला? ती एकदम ओशाळली. म्हणाली, अपयशाच्या. दोन वर्षं मागे लागूनही सरांकडून एक रिपोर्ट वेळेवर मिळवता आला नाही, ते सांगितलं. मग काय शिकलीस, साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, हेच की मागत बसू नये, आपणच लिहून टाकावा. गेलं वर्षभर सरांचे रिपोर्ट मीच लिहितेय.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उचललेला तुकडा परत ठेवून दिला. फार वाईट वाटलं.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय, सापडलं का एखादं अपयश? म्हटलं, सापडलं. ती म्हणाली, मग भर की पटकन.
म्हटलं, मुदत काल संपली.