मोठ्या मॅग्नेटचा इनचार्ज

४ ऑगस्ट २०२५, सोमवार
आजपासून डायरी. मोठे लोक लिहितात. मोबाइलवर पाहिलं, चीनने मॅग्नेट अडवून धरले. बॅटरीच्या गाड्या, पवनचक्क्या, सगळ्यांचं काम अडकून राहिलं. अन् मी इकडे नागपुरात हुडकेश्वरच्या भंगार गोदामात रोज मॅग्नेट फोडून राहिलो! देशाले माझी गरज आहे. आठवी नापास म्हणून हसणाऱ्यांनी आता पाहावं.

५ ऑगस्ट
गोदामाचे मालक ताराचंदशेठ म्हणे, पुढच्या महिन्यात मॅग्नेट घेणारे कंपनीवाले येणार, नवीन मॅग्नेट-शेडवर इनचार्ज नेमणार. माझ्याशिवाय आहे कोण? बाबाले अहेरीले फोन करून सांगून टाकलं, इनचार्ज झालो. महिनाभराचा तर फरक आहे.

१७ ऑगस्ट
स्पीकरचे काळे मॅग्नेट, ताटलीएवढे. तीन पोती लपवून ठेवले. हार्ड डिस्कमधून निघतात ते बारके, चमकदार. चिल्लर. मोनालीले देऊन टाकतो. ती डिस्क खोलते. बारावी झाली म्हणून तोंड लय चालते. म्हणे, काहून गा, मोठं तेच भारी असते का? मग हत्तीले कलेक्टर करा.
हिले मालाची पारख नाही.

२ सप्टेंबर
दोन बारक्या मॅग्नेटच्या मधात बोट सापडलं. नख काळंनिळं. मोनालीने हळद लावली. म्हणे, एवढ्याशानं एवढं धरलं, अजून समजलं नाही का तुले?
समजायचं काय त्यात? छोटा माल, खोटा माल.

२४ सप्टेंबर
कंपनीच्या वंदना मॅडम आल्या. पोती मीच ओतली. मॅडमने एक उचलला, लगेच ठेवला. म्हणाल्या, हे फेराइट, स्वस्तातले. चीनने अडवलेला तो रेअर अर्थ धातू यात नावालाही नाही.
मग मोनालीने बारक्या मॅग्नेटचा बिस्किटाचा डबा उघडला. मॅडम खाली बसून पाहत राहिल्या.
इनचार्ज मोनाली.
डब्यातले अर्धे मीच दिले होते. हे कोणी बोललं नाही. मीही नाही. मोठेपणा असतो माणसात.

३ ऑक्टोबर, दुपारी
काल बाबा दीक्षाभूमीवर आले, आज गोदामात. बाबा मोनालीले म्हणे, पोरी, आमच्या प्रशिकच्या हाताखाली नीट काम करजो वं. मी वर पाहिलंच नाही. ती म्हणे, हो बाबा, साहेब लय कडक आहेत.
बाबाचे डोळे भरले. गावात दाखवाले एक मॅग्नेट मागितला. मोठाच पाहिजे म्हणे. काळा दिला. दुपट्ट्यात बांधून मांडीवर घेऊन बसले एसटीत.
खोटं बोललो नाही. त्यात काय आहे हे त्यांनी विचारलंच नाही.
परत आलो तर मोनालीने हातमोजे पुढे केले. म्हणे, साहेब, तो डिस्कचा ढीग संध्याकाळपर्यंत.

५ ऑक्टोबर
बाबाचा फोन. मॅग्नेट विहारात टेबलावर ठेवला, लोक हात लावून पाहून राहिले. म्हणे, चार दिवस येऊन जा, सर्वायले नीट समजावून सांग.
जायलाच पाहिजे.
सुट्टी मोनालीले मागावी लागेल.